पात्रांची पर्सनॅलिटी टेस्ट: सोलापुरातल्या दोन दिवसांच्या लेखन वर्कशॉपचा रिव्ह्यू

ज्यांच्याकडे एकांकिका, कथा, कादंबरी, काहीही, निदान अर्धाकच्चा ड्राफ्ट लिहून पडलाय त्यांनी हे वर्कशॉप खुशाल करा. ज्यांची वही अजून कोरी आहे त्यांनी बाराशे रुपये वाचवा. आता सविस्तर लिहिते, कारण नाटकवाल्या ग्रुपातले निम्मे लोक "ते सोळा टाइपवालं कसं होतं गं" म्हणून विचारूलालेत आणि प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करायचा मला कंटाळा आलाय. आयोजकांचं नाव लिहीत नाहीये, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

विषय होता पर्सनॅलिटी टाइप वापरून पात्रं कशी उभी करायची. शनिवार-रविवार, सकाळी दहा ते पाच, सात रस्त्याकडं एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल. शिकवायला पुण्याहून एक सर आलेले. बॅच चांगली मिक्स होती, कॉलेजात एकांकिका करणारी पोरं जास्त, एक रिटायर्ड हेडमास्तर काका जे कादंबरी लिहितायत, अक्कलकोटहून येणाऱ्या एक मॅडम ज्या कन्नड आणि मराठी दोन्हीत कथा लिहितात, आणि एक पोरगा ज्याला वेब सिरीज लिहायचीय आणि जो दोन्ही दिवस हेडफोन गळ्यात घालूनच बसला होता.

माझं सामान आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी एक एकांकिका लिहितेय, अशोक चौकाकडच्या एका घरातली. खाली चार यंत्रमाग, वर राहायच्या खोल्या. थोरला अंबादास, धाकटा श्रीनिवास, त्यांची आई राजव्वा, जिला सगळी गल्ली अव्वाच म्हणते आणि जी या वयातही बिड्या वळते, आणि एक जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा माणूस, जो माग बंद पडून महिने झाले तरी येऊन त्यांच्यावरनं हात फिरवून जातो. धाकट्याला माग भंगारात काढून खाली गाळे करून भाड्यानं द्यायचेत, थोरल्याला नाही. एवढंच नाटक. सोलापुरात ही गोष्ट कुणाला नवीन नाही, माग किलोवर विकले गेलेली घरं आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत आहेत.

पहिला अख्खा दिवस एमबीटीआय, म्हणजे मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर नावाची टेस्ट. ज्यांनी फक्त लोकांच्या इन्स्टा बायोत वाचलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: चार जोड्या असतात. माणूस चार लोकांत गेला की फुलतो का एकटा बसला की, समोर दिसतंय तेवढं बघतो का त्याच्यामागचं काहीतरी हुडकत बसतो, निर्णय हिशोबानं घेतो का समोरच्याला काय वाटेल ते बघून, आणि आधी आखून चालतो का येईल तसं. प्रत्येक जोडीतनं एक अक्षर उचलायचं की झाले सोळा टाइप. आयएनएफजे, ईएसटीपी वगैरे जे काय ते हेच.

इतिहास सरांनी एका स्लाइडमध्ये उरकला, युंगचा फोटो आणि पुढं. खरंतर लिहिणाऱ्यांच्या कामाचा सगळा मसाला तिथंच होता, तेवढ्यावर अर्धा तास बोलले असते तरी चाललं असतं. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगनं माणसांच्या मानसिक प्रकारांवरचं पुस्तक 1921 ला जर्मनमध्ये लिहिलं, आणि त्यावरनं टेस्ट बनवली ती अमेरिकेतल्या मायलेकींनी, कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स, दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. इझाबेलबाई तर त्याआधी डिटेक्टिव्ह कादंबरी लिहून मोठं बक्षीस मिळवून बसलेल्या, ही 1930 च्या आसपासची गोष्ट. म्हणजे जी बाई आधी पात्रं रचत होती तिनंच पुढं खऱ्या माणसांसाठी सोळा खोके बनवले, आणि आता आम्ही ते खोके उचलून परत पात्रांवर लावतोय, फिरून गंगावेस! टेस्टचं काम सुरू झालं दुसऱ्या महायुद्धात. पुरुष लढाईवर, बायका मोठ्या संख्येनं कारखान्यात आणि ऑफिसात कामाला लागलेल्या, तर कुणाला कुठलं काम मानवेल ते ओळखायला काहीतरी पाहिजे होतं. पहिला फॉर्म 1943 चा.

हे डोक्यात ठेवलं की टेस्टमधले प्रश्न असे का असतात ते लगेच कळतं. टेस्ट असं धरून चालते की समोरच्या माणसाला निवड आहे. काम निवडता येतं, सुट्टी निवडता येते, कुणाशी बोलायचं ते निवडता येतं.

आणि इथंच पहिल्या दिवशी जेवणाआधी गाडी अडकली. आम्हाला प्रिंट काढलेले प्रश्न दिले आणि सांगितलं की आपल्या पात्राच्या वतीनं सोडवा. "अनोळखी लोकांच्या पार्टीत तुम्ही स्वतःहून संभाषण सुरू करता का?" आता आमच्या अव्वाला पार्टीला कोण बोलावणारे! "वीकेंडचं नियोजन तुम्ही आधी करता की ऐनवेळी?" अव्वाचा वीकेंड म्हणजे पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, मांडीवर सूप घेऊन बसायचं आणि हजाराचा आकडा पुरा होईपर्यंत मान वर करायची नाही. "तुम्हाला आव्हानात्मक काम आवडतं की ठरावीक चाकोरीतलं?" तिला आवडतं काय हे नवऱ्यानं विचारलं नाही, पोरांनी विचारलं नाही, कारखान्यात बिड्या मोजून घेणाऱ्यानं तर नाहीच नाही. मी पहिल्या पानावरच पेन ठेवून दिला. अक्कलकोटच्या मॅडमची नायिका शेतमजूर, त्यांचंही तेच झालेलं.

मग जेवणाच्या सुट्टीत आम्ही तीन-चार बायका डबे उघडून बसलो, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, आणि बोलता बोलता म्हणलं प्रश्नच बदलूया की. पार्टी आपल्याकडं नाही, पण पाणी आहे! सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, चार दिवसांनी येतं, कधी पाच, वेळ कधी पहाटेची तर कधी मध्यरात्रीची. तर प्रश्न एकच ठेवला: आज पाणी येणारे, तुझं पात्र काय करतंय?

अंबादासनं आदल्या रात्रीच बॅरल घासून, पाइप जोडून, मोटर लावून ठेवलीय, आणि तरी झोपेतनं उठून उठून नळ सोडून बघतोय, नुसतीच हवा येते फुसफुस. श्रीनिवासला गल्लीत "पाणी आलं रेऽऽ" ओरडा झाल्यावर जाग येते, चप्पल एका पायात, पाइपला क्लिप नाही, पण पाच मिनिटांत शेजारच्याला गोड बोलून त्याची क्लिप काढून आणतो आणि अंबादासच्या आधी टाकी भरून मोकळा. अव्वा आपल्या घागरी भरल्या की काही न बोलता पाइप नेऊन मागच्या भाडेकरणीच्या दारात टाकते, आणि वर सुनेवर ओरडते, पाणी सांडू नको म्हणून. जॉबरच्या स्वतःच्या घरी पाणी आलेलं असतंय, बायको हाका मारूलालीय, आणि हा आमच्या दारात उभा राहून मोटरीचा आवाज ऐकतोय, "बेअरिंग गेलंय बघा मालक."

कुणाला कुठलं अक्षर ते यानंतर लावायला दोन मिनिटं लागली. आणि खरं सांगू, लावल्यावर त्या अक्षरांची गरजही उरली नाही. दुपारी हे सरांना वाचून दाखवलं तर त्यांनी मनापासून दाद दिली, वहीत लिहूनही घेतलं, पुढच्या बॅचला वापरतो म्हणाले. त्यांना हा मार्क माझ्याकडनं. पोटतिडकीनं शिकवणारे आहेत, गर्व नाही, फक्त सगळी उदाहरणं इंग्रजी सिनेमातली. हँडआउटमध्ये एकही पात्र असं नाही जे भाकरी खातं. हॉलिवूडचे सुपरहीरो कुठल्या टाइपचे हे कळून मला गल्लीतला बोळवाला सावकार लिहायला काय मदत होणार?

तरी पहिल्या दिवसाची एक एक्सरसाइज अशी होती की तिच्यासाठी अर्धी फी मी आनंदानं देईन. आपली सगळी पात्रं सोडवून झाली की शेवटी लेखकानं स्वतः टेस्ट द्यायची आणि सगळे निकाल शेजारी शेजारी ठेवायचे. हॉलमध्ये एकदम हशा. हेडमास्तर काकांच्या कादंबरीतला हीरो, हीरोचा मित्र, आणि गावातला नीच पुढारी, तिघंही आयएसटीजे, म्हणजे शिस्तीतले, आखून चालणारे, आणि काकाही आयएसटीजे! काकांनी पुढाऱ्याचं एक भाषण वाचून दाखवलं तर तो पैसे खाण्याबद्दलसुद्धा मुद्देसूद, क्रमवार, पहिला मुद्दा दुसरा मुद्दा करत बोलत होता, शाळेच्या असेंब्लीत बोलावं तसं. वेब सिरीजवाल्या पोराचे चार मित्र म्हणजे तोच चारदा. कॉलेजच्या पोरांचं तर विचारूच नका, सगळ्या नायिका एकजात अबोल, खोल, आकाशाकडं बघणाऱ्या.

टाइप नावाच्या भानगडीचा लिहिणाऱ्याला खरा उपयोग मला इथं दिसला. नवीन माणूस तयार करायला ती कुचकामी आहे, पण लिहून झालेल्या माणसांमध्ये आपण स्वतः किती ठिकाणी घुसून बसलोय ते धरायला एकदम पक्की. म्हणूनच वर म्हणलं की ड्राफ्ट घेऊन जा. ज्यांच्याकडं ड्राफ्ट नव्हता ती पोरं पहिल्यांदा टाइप निवडायची आणि मग त्याला नाव-गाव द्यायची, आणि जे तयार व्हायचं ते राशिभविष्यासारखं वाचायला लागायचं, "हा हळवा पण आतून कणखर आहे", असं कोण नसतंय सांगा की.

अजून एक गोष्ट, ही सरांनी सांगितली नाही पण मला घरी आल्यावर सुचली. एमबीटीआयवर मानसशास्त्रवाले जी टीका करतात त्यातली मोठी म्हणजे त्याच माणसानं काही आठवड्यांनी परत टेस्ट दिली की बऱ्याचदा टाइप बदललेला निघतो, कारण जे लोक मधोमध असतात त्यांना टेस्ट ढकलून एका बाजूला टाकते. नोकरीला माणूस घ्यायला हे वाईटच. पण पात्राला? मी अंबादासची टेस्ट एकदा पडदा उघडतानाची सोडवली, एकदा पडदा पडतानाची. सगळी अक्षरं जशीच्या तशी आली, म्हणजे एवढा माग विकायचा तमाशा होऊन गड्यामध्ये काहीच हललं नाही. नाही हललं तर नाटक कशाला बघायचं कुणी, तो शेवट मी आता परत लिहितेय.

दुसरा दिवस एनिआग्रामवर. नऊ टाइप, गोलात काढलेली आकृती, बघायला थोडी जादूटोण्यासारखीच वाटते. हे मूळ ऑस्कर इचाझो नावाच्या माणसाचं, चिलीमध्ये तो शिकवायचा, तिथनं क्लॉडिओ नारान्जो नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं ते पुढं नेलं आणि 1970 नंतर अमेरिकेत पसरलं. शास्त्र म्हणून त्याला फारसा आधार नाही. पण लिहायच्या दृष्टीनं मला एमबीटीआयपेक्षा हे जास्त चाललं, कारण ते वागणं विचारत नाही, भीती विचारते. हा माणूस आतनं कशाला घाबरतो? एक नंबरवाल्याला वाटतं आपण चुकीचे ठरू, सहाला वाटतं आपल्यामागं कुणी उभं राहणार नाही, नऊला वाटतं भांडण होऊन सगळं तुटेल, असं नऊ प्रकारे.

सरांनी सांगितलं एकच प्रसंग घ्या आणि पात्राचा नंबर बदलून बघा. मी भंगारवाला पहिल्यांदा माग बघायला येतो तो प्रसंग घेतला. अंबादास नऊ नंबरचा असेल तर? "बसा की, चहा तर घ्या. काय ऊन पडूलालंय बघा यंदा." मग उजनीत पाणी किती टक्के राहिलं, मग गड्ड्याची जत्रा पूर्वी कशी भरायची, मग दुसरा चहा, आणि संध्याकाळ होते, भंगारवाला वैतागून उठून जातो, मागाचं नाव कुणी काढलेलंच नाही. तो एक नंबरचा असेल तर विकायला तयार होतो पण आधी काटा रिकामा करून दाखव म्हणतो, मग मागाचं लाकूड वेगळं आणि लोखंड वेगळं वजन कर म्हणतो, मग पावती दे म्हणतो, आणि दीडशे ग्रॅमवरनं व्यवहार फिसकटतो, आणि फिसकटल्यावर त्याच्या तोंडावर जे समाधान असतंय ते धाकट्याला दिसतं. सहा नंबरचा असेल तर भंगारवाल्याला दारात उभं करून मेव्हण्याला फोन, मग एमआयडीसीतल्या दोस्ताला फोन, मग ज्यानं मागच्या वर्षी विकले त्याला फोन, प्रत्येकजण वेगळा भाव सांगतो आणि याचा घाम वाढत जातो.

तिन्ही अंबादासच, तिघांनाही माग विकायचे नाहीत, आणि प्रसंग तीन. माझ्या ड्राफ्टात चौथाच होता, ज्यात तो "हे माग म्हणजे माझ्या बापाचा श्वास आहेत" वगैरे म्हणतो. ते वाक्य मी हॉलमध्ये बसल्या जागी खोडलं. आता नऊ नंबरवाला ठेवलाय, कारण चहा पाजून पाजून माणूस घालवणारे थोरले आमच्या नात्यात भरपूर आहेत, मला ते जमतंय.

तिसरं मॉडेल बिग फाइव्ह, त्याला मात्र दुसऱ्या दिवशी शेवटची वीसेक मिनिटं मिळाली आणि इथं माझी मोठी तक्रार आहे. पर्सनॅलिटीवर काम करणारे लोक ज्या मॉडेलवर खरोखर विसंबतात ते हे, आणि तेच सरांनी चार वाजून गेल्यावर, लोक सर्टिफिकेटच्या रांगेकडं बघत असताना उरकलं. याची सुरुवातच लिहिणाऱ्यांना आवडेल अशी आहे. 1936 ला ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी डिक्शनरी चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ अठरा हजार शब्द काढले, आणि पुढच्या लोकांनी ते गाळत गाळत, गठ्ठे बांधत पाचांवर आणले. नव्याची ओढ, नीटनेटकेपणा, लोकांत मिसळणं, जुळवून घेणं, आणि मन किती लवकर ढवळतं. यात खोके नाहीत, पट्ट्या आहेत, माणूस प्रत्येक पट्टीवर कुठंतरी मधे असतो. अव्वा जुळवून घेण्यात वर आहे पण अगदी टोकाला नाही, पैशाचा विषय निघाला की खाली येते. हे "मधे कुठंतरी" पात्राला किती पाहिजे असतं! आणि याचे प्रश्न फुकट मिळतात, इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल म्हणून खुला साठाच आहे, कुणीही वापरावा. सरांना मी विचारलं की वेळ उलटी का नाही वाटली, तर म्हणाले पोरांना सोळा टाइपच पाहिजे असतात, त्याच्यावरच बॅच भरते. प्रामाणिक उत्तर आहे, पण मग जाहिरातीत तिन्ही मॉडेल "सखोल" असं लिहू नये.

एक वाद पण झाला, छान झाला. नाट्यशास्त्राचा डिप्लोमा करणाऱ्या एका मुलीनं विचारलं की सर, आपल्याकडं भरतमुनींनी अष्टनायिका सांगितल्यात त्याचं काय. सर म्हणाले ते जुनं आहे, आजच्या पात्रांना लागू होत नाही, आणि पुढच्या स्लाइडवर गेले. मला वाटतं इथं त्यांनी हातातला चेंडू सोडला. नाट्यशास्त्रातल्या त्या आठ बघा: वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका, अभिसारिका. यात स्वभाव कुठं आहे? भांडून नवऱ्याला घालवून मग पस्तावत बसलेली ती कलहांतरिता, नवरा परगावी गेलेली ती प्रोषितभर्तृका, ठरवून भेटायला न आलेल्याची वाट बघून फसलेली ती विप्रलब्धा. सगळ्या परिस्थिती आहेत. तीच बाई नवरा दुसरीकडं रात्र काढून आला म्हणून सकाळी खंडिता, दुपारी भांडण झालं की कलहांतरिता. नायकांचे मात्र धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत, धीरप्रशांत असे चार, ते स्वभावावरनं. म्हणजे पुरुषाला स्वभाव आणि बाईला परिस्थिती, वा रे वा, तो वेगळा विषय, त्यावर ती मुलगी आणि मी चहाच्या वेळी भरपूर बोललो. पण मुद्दा असा की सोळा टाइपात जे सापडत नाही ते इथं आहे. अव्वा कशी आहे यापेक्षा अव्वा आत्ता कशात अडकलीय, दोन पोरांच्या मधे, एकाच्या घरात राहायचं आणि दुसऱ्याच्या पैशावर जेवायचं, ते मला आधी ठरवावं लागतं, मग ती बोलते.

आणि भाषा! हे कुठल्याच टेस्टमध्ये नाही आणि सोलापुरात तर याच्याशिवाय पात्र उभंच राहत नाही. श्रीनिवास घरात तेलुगू बोलतो, अव्वाशी, वदिनाशी म्हणजे वहिनीशी, आणि तिथं तो नुसता बडबड्या, टिंगल करणारा, सगळ्यांच्या नकला करतो. जॉबरशी मराठी, "काय करूलालाव बे" टाइप. भंगारवाल्याशी हिंदी, तिथं एकदम शेर. आणि बँकेत लोनच्या टेबलासमोर पुस्तकी मराठी बोलायची वेळ आली की गप्प, मान खाली, "हो साहेब" एवढंच. आता याला बहिर्मुख म्हणायचं का अंतर्मुख? तसंच अंबादासला तो अन्ना म्हणतो आणि अव्वासमोर अन्नाला उलटून बोलत नाही, याचा अर्थ तो लाजाळू आहे असा होत नाही, अव्वा पाणी आणायला आत गेली की बघा कसा सुटतो ते. मी हे विचारल्यावर सर थोडं थांबले आणि म्हणाले, बरोबर आहे, मग प्रत्येक भाषेसाठी टेस्ट वेगळी सोडवा. गमतीत म्हणाले का खरंच ते कळलं नाही पण मी सोडवली आणि आयडिया चालते! तेलुगूतला श्रीनिवास आणि बँकेतला श्रीनिवास यांच्यात तीन अक्षरांचा फरक आला, आणि तो बँकेतला सीन, जो आधी नुसता माहिती द्यायचा सीन होता, तो आता नाटकातला माझा आवडता सीन झालाय.

जे अजिबात आवडलं नाही ते पटकन सांगते. कुठल्या टाइपचं कुठल्या टाइपशी जमतं असा एक तक्ता दिला, त्यावर पोरांनी तासभर आपापल्या क्रशचे टाइप लावले, लेखन राहिलं बाजूला. हँडआउटचं मराठी इतकं घट्ट की "ऊर्जास्रोताची दिशा" म्हणजे काय ते समजायला आधी इंग्रजी आठवावं लागत होतं, आणि झेरॉक्स फिकी, शेवटची दोन पानं तर वाचताच येत नव्हती. पहिल्या दिवशी प्रोजेक्टर गरम होऊन बंद पडला आणि उन्हाळ्यात पहिल्या मजल्यावर पत्र्याखाली दोन पंखे पुरत नाहीत हे आयोजकांना सोलापुरात राहून माहीत नसावं याचं आश्चर्य वाटतं. सर्टिफिकेट मात्र जाड कागदावर, सोनेरी बॉर्डर, त्याचा खर्च पंख्यात घातला असता तर बरं. चहा चांगला, वेळेवर, दोन्ही दिवस. जेवण आपलं आपण आणायचं, हे आधी सांगितलं होतं त्यामुळं तक्रार नाही.

नंतरचा सपोर्ट म्हणून व्हॉट्सअप ग्रुप आहे. सर स्वतः आठवड्यातनं एकदा येऊन ड्राफ्टवर दोन-चार ओळी लिहितात, त्या कामाच्या असतात. बाकी वेळ गुड मॉर्निंग आणि "आज मी चुकून ईएनएफपीसारखा वागलो" असले मेसेज. म्यूट करून ठेवा.

माझ्याकडनं पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क फक्त हेडमास्तर काकांच्या पुढाऱ्यासाठी, तो आता म्हणे शिव्या देऊन, मधेच विषय सोडून, समोरच्याच्या पोराची चौकशी करत बोलायला लागलाय, काकांनी ग्रुपवर दोन पानं टाकली होती, मजा आली वाचून.

पुढची बॅच पावसाळ्यानंतर आहे असं ग्रुपवर आलंय, फी वाढणारे म्हणे. जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या, बिग फाइव्हला वेळ किती देणार आणि प्रश्नांची मराठी नवीन केलीय का. ड्राफ्टची प्रिंट काढून न्या, मोबाइलवर वाचून दाखवायला सर देत नाहीत. गाडी खाली लावायला जागा नाही, रिक्षानं गेलेलं बरं. आणि हॉलच्या डाव्या बाजूला बसा, पंखा तिकडं आहे.